हुबेहूब गंज

आयुष्यभर मी गाड्यांचा गंज घासून काढत आलो. परवा एका साहेबांनी आठवड्यापूर्वी घेतलेली कोरी पिकअप माझ्या गॅरेजमध्ये उभी केली आणि तिच्यावर गंज चढवायला सांगितला.

"व्हिंटेज लुक हवा," ते म्हणाले. "रंग उन्हानं उडालेला, बंपरला पोचे. दारावर एखाद्या कारागिराची पुसट अक्षरं. कष्टाची गाडी वाटली पाहिजे."

"हिच्यातून सामान काय नेणार?"

"छे हो, सामान कसलं? ओरखडे पडतील."

नमुना म्हणून त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोतली गाडी माझ्या वडिलांची होती. दारावर 'नळदुरुस्ती' ही अक्षरं बावीस वर्षांपूर्वी मीच रंगवली होती. वाकडी आली म्हणून बाबांनी मला आठवडाभर चिडवलं होतं. गेल्या महिन्यात पालिकेची नोटीस आली आणि ती गाडी भंगारात द्यावी लागली. तेव्हापासून बाबा सत्तरीत खांद्यावर पाईप घेऊन चालत कामाला जातात. लांबची कामं त्यांनी सोडलीच.

"हुबेहूब असाच गंज पाहिजे," साहेब फोटो बोटांनी मोठा करत म्हणाले. "कसला जिवंत आहे बघा."

"हा फोटो कुठे मिळाला, साहेब?" मी विचारलं.



"मीच काढला, तक्रारीला जोडायला. ही घाण रोज आमच्या गेटसमोर उभी असायची. शेवटी पालिकेला सांगून हटवायला लावली."