पाच हजार हाका

खुशालराव पाटलांनी पिंजलेल्या कापसाची टोपली गोदाबाईपुढे ठेवली. "पाच हजार वाती तुमच्या. वळताना एकच म्हना, लढाई चालू दे."

लढाई सातासमुद्रापार, अमेरिकेत. ती पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या गळ्यात चांदी दिसू लागली! आता ती मिटते की काय, या धास्तीने पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून महादेवाला लक्षवातीचा नवस. घरोघरच्या बायका वाती वळत होत्या.

"पन ते लोकं भांडून काहून राहिले?" गोदाबाईने विचारलं.

"अकोल्याचा दलाल सांगे, तिकडं कापूस वेचाले मानसं इकत घेतात. मायपासून लेकरू तोडून इकतात. त्याच्यावरून जुंपली. आपल्याले काय करा लागते? भाव टिकला तं तुमच्या भगवंताले शोधाले हैद्राबादेपावतर मानूस धाडतो. जबान हाय माही."

भगवंत तिचा एकुलता एक. सत्तावनच्या बंडाच्या साली हैद्राबादच्या पलटणीबरोबर गेला, तो गेलाच. आठ वर्षं ती रोज एक भाकर जास्तीची थापत होती. गाडीच्या बैलांचे घुंगरू वाजले, की धावत दारात येत होती. पाटलांचा माणूस ही तिची शेवटची आशा.

ती वळायला बसली. "लढाई" एवढं म्हणायची, की कुणाच्या तरी कडेवरून ओढलेलं लेकरू डोळ्यांपुढे यायचं. पुढचं तोंडातून निघेना. मग ती आपल्या पोरालाच बोलवू लागली, "लेकरा, घरी ये." प्रत्येक वातीला तेच. नाव घ्यायचं मात्र राहून गेलं. पोटच्या पोराला तिने कधी नावाने हाक मारलीच नव्हती.

माघात महादेवापुढे लाख वाती जळल्या. वैशाखात अकोल्याहून बातमी आली. लढाई मिटली, विकलेली माणसं सुटली. भाव धाडकन कोसळला.

पाटील तिच्या ओसरीवर मटकन बसले. "नवस वाया गेला, गोदाबाई. आता मानूस धाडनं काही होत नाही."

गोदाबाई ढसाढसा रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "वाया नाही गेला, पाटील. माह्याकडून नाव घ्याचं राहून गेलं. दुसऱ्या मायांचे लेकरं घरी पोचले."

पाटलांना काही उमगलं नाही. ते उठून गेले.

तिने पुन्हा कापूस हातात घेतला. या खेपेला नाव घ्यायचंच, असं पक्कं ठरवलं. पहिली वात तळहातावर आली. 'भगवंता' ओठांवर आलं. तिकडे अजून कुणाचं लेकरू वाटेतच असलं तर?

"लेकरा," ती म्हणाली, "घरी ये."