बाहेरची कडी

"कडी बाहेरून? आणि आत कोण राहणार, वहिनी?" सुताराने विचारलं.

"सासरे," सूनबाई म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून घाईघाईने पुढे म्हणाली, "त्यांनाच लागते हो!"

नव्या फ्लॅटमधली खोकी अजून फुटायची होती. त्याआधीच म्हाताऱ्याला कोंडणारी सून म्हणून आपला बिल्डिंगभर उद्धार होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हातारा तसा साधासुधा नव्हता. कमांडो होता. शत्रूच्या हद्दीत शिरून पूल उडवला, परतताना सापडला, चार वर्षं कैदेत काढली. सरकारने पदक दिलं, ते कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी सुखात होतं. जुन्या गल्लीत त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याने पोहून पार केलेली नदी गल्लीकरांच्या तोंडी दरवर्षी थोडी रुंद होत असे.

कैदेतून आल्यापासून बाहेरून कडी घातल्याशिवाय त्याला झोप येत नाही, हेही गल्लीला ठाऊक होतं. दुपारची जेवणं आटोपली की सासूबाई कडी सरकवायच्या आणि दारालगतच्या दिवाणावर आडव्या व्हायच्या. "कॅप्टन आत गेले," शेजारी म्हणायचे आणि रेडिओ बारीक करायचे. किती वर्षं चाललं होतं ते! त्या कडीच्या आवाजानंतर गल्लीत मांजरसुद्धा पाय न वाजवता चालायचं.

इथल्या दारांना बाहेरून कड्याच नव्हत्या. सासूबाई दुपारभर खुर्चीत ताटकळत बसत. "डोळा लागत नाही गं त्यांचा," म्हणत. चार दिवसांत चेहरा पार उतरला होता त्यांचा.

सुताराने पिशवीतून कड्या काढल्या. कॅप्टनने एकेक सरकवून पाहिली आणि सगळ्यात किरकिरी उचलली.

"काका, ही एका धक्क्यात निखळेल."

"निखळू दे. वाजायला हवी."

सुतार ड्रिल आणायला खाली गेला. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. सूनबाईने संधी साधली.

"बाबा, रागावू नका. ही सवय मोडून बघू या ना! तुमच्यापायी जागून आई अर्ध्या झाल्या. एवढे शूर तुम्ही…"

"शूर म्हणे! पूल उडवायचा सोपा असतो गं, तो कुठे पळतो?" कॅप्टन हसला. मग हातातल्या कडीकडे बघत राहिला.

"नवीन लग्न होतं आमचं. एका खोलीचं बिऱ्हाड. दुपारी जेवून ती लवंडली होती, खिडकीतलं ऊन पावलांवर आलेलं. तेवढ्यात गाडी आली मला न्यायला. म्हटलं, कशाला उठवा? पडदा ओढला, बूट हातात घेतले आणि बाहेर पडलो. कैदेत डोळे मिटले की तेच ऊन दिसायचं. छान झोप लागायची."

"तिथेही झोप लागायची?"

"फरशीवर घोरायचो. पहारेकरी कावायचे."

सूनबाई गोंधळली. "मग इथे कडी कशाला हवी तुम्हाला?"

बाथरूमचं दार वाजलं तसा कॅप्टनने आवाज खाली आणला.

"मला कुठे हवीय, पोरी? पुन्हा झोपेतून उठली आणि मी नसलो तर, म्हणून तिला लागते."