वाढत्या अंगाचं माप

“तीनदा फुंक. घाई नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टिटवीने छाती भरून श्वास घेतला, श्वासाचा जोर मोजायची नळी ओठांत घट्ट धरली आणि एका दमात फुंकर मारली. नळीवरचा लाल काटा सरकला. दोनशे साठ. मग दोनशे पंचावन्न. तिसऱ्या खेपेला दोनशे सत्तर.

शेजारच्या खुर्चीत तिची आई अवघडून बसली होती. बोटांना पहाटे शिवलेल्या निळ्या कापडाचे धागे अजून चिकटलेले होते. शाळा सोमवारी उघडणार होती आणि घरी सतरा गणवेश काज-बटणांवाचून पडले होते.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. सुट्टीचे शेवटचे चौदा दिवस, रोज सकाळचा एक आकडा, आईच्या सुबक अक्षरात. तिघींचं ठरलं होतं: आकडे अडीचशेच्या घरात राहिले, तर टिटवीने मैत्रिणींबरोबर चढावरून पायी शाळेत जायचं. नाहीतर व्हॅन.

“दोनशे पंचवीस. दोनशे तीस. दोनशे वीस.” त्यांनी चष्मा कपाळावर सारला. “घरी नळी हीच ना?”

“हीच.”

“वेळ सकाळचीच. औषध तेच. फुंकणारी तीच.” त्या एकेक शक्यता खोडत चालल्या होत्या. “मग बदललं काय? जागा. शिवण घरातच करता ना?”

“हो. खोली एकच आहे.”

“तरीच. कापडाची धूळ. ताई, स्पष्ट सांगते. एक तर मशीन घराबाहेर हलवा, नाहीतर हिला महिनाभर दुसरीकडे ठेवा. जवळचं कुणी आहे?”

दवाखान्यात शिरल्यापासून टिटवीच्या तोंडाचा पट्टा चालू होता. वजनकाट्यावर डॉक्टरीणबाई स्वतः कधी उभ्या राहतात का, इथवर तिची चौकशी पोचली होती. आता ती गप्प झाली.

“मावशी आहे,” ती हळूच म्हणाली. “पण तिथून शाळेला दोन बस लागतात. आणि मावशी घोरते.”

आईने एक क्षण खिडकीकडे पाहिलं. नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं तरी वही मिटली असती. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. फक्त पोर मावशीकडे गेली असती, तिचा काही दोष नसताना.

“धुळीचं काही नाही, डॉक्टर. आकडेच खोटे आहेत. मी लिहिलेत.”

“म्हणजे?”

“ती फुंकायची त्याहून कमी लिहायचे. कधी तीसने, कधी चाळीसने.”

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. “का?”

“सवय,” आई म्हणाली, आणि हे उत्तर तिचं तिलाच विचित्र वाटलं. “वाढत्या अंगाचं कापड बेतताना मी दोन बोटं राखूनच बेतते. आत दाबून ठेवायचं, लागलं तर उसवायचं. जास्तीचं कापड कुणाला नडत नाही. पुरा आकडा लिहिला असता तर ही त्या चढावर गेली असती. तिथे हिचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत.”

“माझा ॲप्रन तुम्हीच शिवलाय. तीन वर्षं बाह्या दुमडतेय मी.” डॉक्टरीणबाई हसल्या मात्र नाहीत. “पण ताई, या आकड्यांवर मी आज औषध दुप्पट करणार होते.”

टिटवी म्हणाली, “मी रोज गच्चीवर फुगे फुंकायचे. जोर वाढावा म्हणून. दोन पाकिटं संपली.”

आईने पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“लिहून घ्या. खरे सांगते.”

“चौदाच्या चौदा? आठवतात?”

“घेतलेलं माप मी विसरत नाही. पहिल्या दिवशी दोनशे पंचावन्न. दुसऱ्या, दोनशे साठ. तिसऱ्या, पुन्हा साठ.” ती समोरच्या भिंतीकडे बघत सांगत होती, कुठेही न अडखळता. सहाव्या दिवशी मात्र थांबली. इथे आकडा फुगवायला कुणाची ना नव्हती.

“सहाव्या दिवशी दोनशे चाळीस.”

टिटवीने मान खाली घातली. आई पुढे सांगत राहिली, थेट चौदाव्या दिवसापर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी सगळी ओळ बोटाने तपासली आणि दोनशे चाळीसपाशी बोट ठेवलं. “हा आहे म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवते. माणसाचा श्वास काही फूटपट्टीने आखलेला नसतो.” त्यांनी वही टिटवीपुढे सरकवली. “उद्यापासून तू लिहायचंस. सोमवारी पायी. दम्याचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. आणि ताई, जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.”

“चढावर दम लागला आणि मैत्रिणी थांबल्या नाहीत तर?” टिटवीने विचारलं.

“तर तू थांबायचंस. शाळा कुठे पळून जाते?”

बाहेरच्या जिन्यात आईने फोन लावला. टिटवी दोन-दोन पायऱ्या गाळत कधीच खाली पोचली होती.

“व्हॅनवाले काका ना? सोमवारी टिटवीला न्यायला येऊ नका.”

“का हो ताई? आजारी आहे?”

“बरी आहे. पायी जाणार आहे.”

“त्या चढावरून? अहो, आठवडाभर बघा तरी. जागेसाठी तिघं माझ्या मागे लागलेत. एकदा दिली की वर्षभर मिळायची नाही, नंतर मला बोल लावू नका. सांगा, ठेवू की देऊ?”

आईने कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली, फाटकाच्या गजांना लोंबकळत टिटवी कुणा अनोळखी आजोबांना आपला आकडा सांगत होती.

“द्या,” आई म्हणाली.