मंगळवारची प्रत

"आई, सगळ्यांचे रिपोर्ट तूच उडवलेस का गं?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. शाळेच्या फाटकापाशी भोंगा (हे नाव आवाजावरून पडलेलं) म्हणाली होती, "विचारून दाखव, मग मानलं तुला!" आणि तुफान (घरीदारी तिला हेच म्हणत) घाबरते थोडीच! गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाल्यापासून तर ती कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत तिने विचारून टाकलं.

आई हसली नाही. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची. आज ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि शेजारच्या चहावर जाड साय आली होती.

"मीच," ती म्हणाली. "सकाळी नवीन प्रोग्रॅम चढवला. नावं राहिली, आकडे गेले. सगळ्यांचे."

तुफानचा चेहरा उतरला. "अगं, भोंग्याच्या आजीचं उद्या ऑपरेशन आहे. रिपोर्ट नसेल तर डॉक्टर हात लावणार नाहीत म्हणे."

"माहितीये."

आतून बाबांचा आवाज आला. "तुफान आली वाटतं. दारं-खिडक्या शाबूत आहेत ना?"

"एक खिडकी गेली, बाबा! तुझ्याच खोलीची!"

बाबा हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दर एक-दोन दिवसांनी डायलिसिसच्या मशीनवर जायचं आणि येताना भिंत धरून जिना चढायचा. कुणीतरी एक किडनी दिली तरच ते वाचणार होते. आईचं रक्त जुळलं नाही. काकाला स्वतःलाच मधुमेह. उरली तुफान. अठरा पूर्ण झाल्या झाल्या ती आईच्याच लॅबमध्ये बाही वर करून बसली होती.

सोमवारीच तयार होणार होता तो तिचा रिपोर्ट गेल्या मंगळवारी संध्याकाळी फोनवर आला. जुळत नाही. नळ सोडून ती बाथरूममध्ये रडली. आई-बाबांना बहुतेक आधीच कळलं होतं. त्या दुपारी आई मधेच घरी आली होती, आणि खोलीचं दार लावून दोघं बराच वेळ बोलत होते. रात्री बाबांनी तिला टपली मारली. "सुटलीस बघ. आता अभ्यास कर."

तुफानने खुर्ची ओढली. "पण बॅकअप आपोआप होतो ना गं? दाखव बरं."

लॅबचा डेटा कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या क्लाउडवर होता. तिथे रोज पहाटे त्याची एक प्रत आपोआप निघायची, आठवडाभर राहायची आणि मग तशीच आपोआप पुसली जायची. आईने ते पान उघडलं. बुधवारपासून पुढे सगळीकडे लाल फुली. जागा भरलेली, म्हणून प्रती अर्धवट. एका मंगळवारपुढेच हिरवी खूण होती, आणि तीही उद्या पहाटे जाणार होती.

"ही काय, आहे की! आजीचा रिपोर्ट त्याच्याही आधीचा आहे. घे ना ही!"

"ही घेतली तर मंगळवारी पहाटेनंतर जे भरलं, जे बदललं, ते सगळं जाईल."

"मग पुन्हा भरू! मी टाइप करते. भोंग्यालाही बसवते."

आई उठून बाबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"अहो, मंगळवारचीच उरलीये."

बाबा पलंगावर उठून बसले.

"दुसरी नाहीच?"

"नाही."

"मग सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्या."

"आणि त्या आजींचं काय? त्यांना उद्याच आत घेणार आहेत."

"तू मला शब्द दिलायस."

कामाचं घरी आणणार नाही, असा काहीतरी शब्द असेल, तुफानने मनात म्हटलं. हे दोघं ना, कशावरूनही भांडतात.

आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती खुर्चीत बसली. हात माउसवर ठेवला. मग काढून घेतला आणि लॅपटॉप तुफानकडे सरकवला.

"तू कर."

"मी?"

"अठरा पूर्ण झाली ना बाईसाहेबांची? कर."

तुफानने मंगळवार निवडला. 'नक्की का?' असं पडद्याने दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकू लागली. तेवढ्यात बाबा भिंत धरत बाहेर आले आणि समोर बसले. पट्टी भरली.

तिने लगेच फोन लावला. "भोंग्या, आजीचा रिपोर्ट उघड!"

"दिसतोय! दिसतोय गं!" स्पीकर लावायची गरजच पडली नाही.

"आजीला सांग, उद्या ठणठणीत होऊन ये! आणि तू पैज हरलीस!" तुफान खुर्चीतच नाचली. "थांबा, आता माझाही बघते."

"तुफान," बाबा म्हणाले, "ठेव तो फोन."

आईने तिला अडवलं नाही.

तुफानने रिपोर्ट उघडला. वाचला. पुन्हा वाचला, या वेळी ओळीवर बोट ठेवून. मग तिने आईकडे पाहिलं. आई टेबलाकडे बघत होती. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

ती उठून उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलं," ती म्हणाली. "जुळतंय ना माझं? मग मी देणार."