पेशंटशी नाते

"पेशंटशी नाते : दीर," दत्तारामने मोठ्याने वाचलं आणि दाखला टेबलावरून सुदेशकडे सरकवला. "तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही मनाचं लिहीत नाही."

"माझाच चुकला," सुदेश म्हणाला. आज सकाळपासून हे वाक्य त्याने चौथ्यांदा म्हटलं होतं.

आठ दिवसांपूर्वी केसपेपरच्या खिडकीवर दत्तारामने विचारलं होतं, पेशंट तुमची कोण? बाहेर काका आईला रिक्षातून उतरवत होते, तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. सुदेशच्या तोंडून जे रोज निघायचं तेच निघालं. वयनी. घरात तीन काका, थोरल्या भावाची बायको ती त्यांची वयनी, म्हणून तिच्या पोटच्या पोरांचीही वयनीच. मालवणात अशी घरं गल्लीगल्लीला आहेत. कुणी आईला काकी म्हणतं, कुणी वयनी, आणि कुणाचं काही अडत नाही. सुदेशचं अडलं ते मस्कतच्या तिकिटापाशी.

तिकीट नॉन-रिफंडेबल होतं. स्वस्तात मिळालं तेव्हा त्याने सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. विमान शनिवारचं, आज गुरुवार. कुडाळच्या तिकीटवाल्याने विमान कंपनीच्या दिल्लीच्या कचेरीत चार फोन केले तेव्हा कुठे एक वाट सापडली. आई, बाप, बायको, मूल, यांतलं कुणी इस्पितळात असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर पैसे परत, पण विमान सुटायच्या आत. सुदेशने दाखला फॅक्स केला. उत्तर आलं, वहिनी यादीत बसत नाही.

तेवढ्या पैशांत तिला गोव्याला नेऊन मेंदूची तपासणी झाली असती. दुसरे पैसे घरात नव्हते.

"नावां तरी बघा मरे," सुदेश म्हणाला. "ती यमुनाबाई गंगाराम. मी सुदेश गंगाराम. दीर कसो होतलंय?"

दत्तारामला हसू आलं. हसताना तो कचेरीची भाषा विसरला. "तां माका कळता, तुका कळता. दिल्लीत बसलेल्याक कळणा नाय." मग त्याने शाईचा पॅड आणि नवा कोरा दाखला उचलला. मागे कुणीतरी पेन्शनसाठी भलत्याचीच आई आणून उभी केली होती. तेव्हापासून केसपेपरवरचं नातं बदलायचं असेल तर डॉक्टर नातेवाइकांच्या शब्दावर सही करत नसत. पेशंट बोलते ना, मग तिच्या तोंडून ऐका, खाली अंगठा घ्या आणि माझ्याकडे या, असं त्यांनी सांगितलं होतं. "चल. पाच मिनटाचा काम."

बायकांच्या वॉर्डात यमुनाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. डावा हात चादरीवर नुसता पडलेला. उजव्या हाताने त्या पदर सारखा करत होत्या.

"इमान कधी रे?" सुदेशला बघताच त्यांनी विचारलं. शब्द जड होते, पण कळत होते.

"बघूया गो वयनी. सुटी वाढवन घेतलंय."

सुटी वाढली नव्हती. रविवारी हजर नाही झालास तर जागेवर दुसरा माणूस घेऊ, असं मस्कतहून स्पष्ट कळवलं होतं. सात वर्षं खटपट केल्यावर मिळालेली नोकरी. ती सोडायचं सुदेशने मनाशी ठरवून टाकलं होतं, फक्त तिला सांगायचं राहिलं होतं. आठ दिवस तो तिच्याशी खोटं बोलत होता आणि आता त्याला त्याचाही कंटाळा आला होता.

दत्ताराम खाटेवर वाकला. अर्धांग झालेल्या माणसाला ऐकूही कमी येतं, अशी त्याची समजूत असावी. तो ओरडूनच बोलू लागला.

"काकी, ह्यो तुमचो कोण तां माका सांगूचा आसा. कागदावर दीर लागलो. तुमी झील, तुमचो मुलगो म्हणून सांगलास काय ह्येचा तिकीट रद्द जाता, पैशे परत गावतत. मगे ह्यो हयच रवतलो. तुमका गोयांक घेवन जातलो. समाजला?"

सुदेशने त्याचा दंड धरला, पण उशीर झाला होता.

यमुनाबाईंनी पदर सोडला. "आणि नोकरी?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या खाटेवरची बाई पेज खायची थांबली. सुदेश खिडकीबाहेर बघू लागला. आईकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

दत्तारामने घसा साफ केला. लिहून घ्यायचं म्हटल्यावर तो पुन्हा कचेरीच्या मराठीवर आला. "यमुनाबाई गंगाराम, हा तुमचा कोण?"

त्यांनी सुदेशकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कपाळापासून पायातल्या चपलांपर्यंत.

"दीर," त्या म्हणाल्या.

"गो वयनी!" सुदेश खाटेपाशी आला. "आये, असा काय करतंस?"

आये हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. त्यांनी डोळे मिटले. वाकड्या झालेल्या तोंडाने एकेक शब्द नीट लावत त्या दत्तारामला म्हणाल्या, "दीर आसा माझो. जांवदे तेका."

दत्तारामने तरीही पॅड उघडून पुढे केला. यमुनाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडला आणि त्यावर मूठ गच्च मिटून घेतली.