दोन डाव्या बाह्या

आरशात पोपटरावांचा डावा हात पुढे निघाला होता आणि उजवा मागे राहिला होता, चालता चालता कोणी थांबावं तसा.

त्यांनी हात झटकला. खांदा वर-खाली केला. कोट दोन्ही बाजूंनी खाली खेचला. डावी बाही खांद्यावरून अलगद उतरून कोपराशी पुढे वळली होती. उजवी पुन्हा पाठीकडेच गेली.

"अहो, हे काय?" अक्षतांना हळद लावत बसलेल्या शेवंतीबाई म्हणाल्या. "उजव्या हाताला मागून कोण ओढतंय?"

पोपटरावांनी कोट काढून टेबलावर पसरला आणि कागदाचा साचा घेऊन डाव्या बाहीवर ठेवला. तंतोतंत बसला. मग तोच साचा, न उलटवता, उजव्या बाहीवर ठेवला. तिथेही तंतोतंत बसला.

ते खुर्चीवर बसले.

"काय झालं?"

"दोन्ही डाव्याच शिवल्या."

कोलशेतच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कोटाची डावी बाही शिवली होती. फक्त डावी. तुकडे कापूनच यायचे. कॉलर एकाकडे, खिसे दुसऱ्याकडे, आणि पोपटरावांच्या उजव्या हाताच्या मशीनवर गुरुदत्त. उजवी बाही त्यांची. पुरा झालेला कोट पेटीत बंद होऊन कुठल्या तरी देशाला जायचा. त्यातला एकही पोपटरावांच्या अंगावर चढला नव्हता.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं, मुलाच्या, सुदेशच्या लग्नात स्वतःच्या हाताने शिवलेला सूट घालणार. कापड आहेरात आलेलं, पाच-सहा घरं फिरून आलेलं. पँट झाली होती, खिळ्याला टांगलेली होती. कोटाला अस्तर तेवढं लावायचं होतं. लग्न रविवारी आणि आज गुरुवार.

"दुसरी बाही कापा मग," शेवंतीबाई म्हणाल्या.

पोपटरावांनी टेबलाखालची पिशवी उचलून दाखवली. तिच्यात वीतभर चिंध्या होत्या.

"सुदेश म्हणतोय ते ऐका. ठाण्याला भाड्याने मिळतात."

"पोराच्या लग्नात भाड्याचा कोट? एकतीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

"मग गुरुदत्त भावजींना हाक मारा."

"नको. महिन्यापूर्वीच म्हणालाय तो, पोपट्या, एका बाहीचा कोट होत नाही. आता हसेल."

"हसू दे की. हसून झाल्यावर शिवतील."

पोपटरावांनी कोटाकडे पाहिलं. उजवी बाही टेबलावरसुद्धा पाठ फिरवून पडली होती. त्यांनी फोन उचलला.

गुरुदत्त दोन गल्ल्या सोडून राहायचे. दहा मिनिटांत आले, खिशात चष्मा आणि स्वतःची छोटी कात्री. त्यांनी पोपटरावांना कोट घालायला लावला आणि एकदा भोवतीने फिरले. शेवंतीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. गुरुदत्त हसले नाहीत. त्यांनी उजव्या बाहीची शिलाई बोटांनी चाचपली.

"शिलाई एक नंबर आहे रे," ते म्हणाले. "पण दोन्ही तुझ्याच आहेत."

"कापड संपलंय, गुरु."

गुरुदत्तांनी बाहीची कड उलटून खिडकीच्या उजेडात धरली. आतली बाजू, मग बाहेरची. पुन्हा आतली.

"उसव."

"काय?"

"उसव म्हणतोय. डाव्या बाहीचा तुकडा पालथा घातला की उजव्या बाहीचा होतो. आतली बाजू बाहेर येईल. जरा फिकी आहे, बाकी वीण तीच."

पोपटरावांनी मान खाली घातली आणि उसवायला घेतलं. सकाळी घातलेला एकेक टाका त्यांनी तोडला, कापडाला ओरखडा न येऊ देता. गुरुदत्तांनी सुटे तुकडे पालथे केले, जुन्या शिलाईची खूण इस्त्रीने जिरवली आणि मशीनवर बसले. पोपटराव स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसले. गुरुदत्तांनी हात पुढे केला की पोपटराव त्यावर पुढचा तुकडा ठेवत. शेवंतीबाई मध्ये चहा ठेवून गेल्या. तो तसाच निवला.

उन्हं उतरली तेव्हा पोपटरावांनी कोट पुन्हा अंगात घातला.

या वेळी दोन्ही हात सारखे पुढे आले. त्यांनी ते वर केले, खाली सोडले, त्यांची घडी घातली. खांद्यावर एक सुरकुती नव्हती. फक्त खिडकीकडे वळल्यावर उजवी बाही जराशी फिकी दिसली, वर्षभर उन्हात वाळत घातल्यासारखी.

"दिसतंय हो," शेवंतीबाई हळूच म्हणाल्या. हळदीचे हात लागू नयेत म्हणून त्या लांबच उभ्या होत्या.

"जवळ येऊन बघणाऱ्यालाच कळेल," गुरुदत्त चष्मा पुसत म्हणाले.

पोपटराव आरशातल्या त्या बाहीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग आरशातूनच म्हणाले,

"गुरु, रविवारी फोटोला तू माझ्या उजव्या बाजूला उभा राहा."

"मी? आणि मी घालू काय?"

"काही पण घाल रे. फक्त चिकटून उभा राहा."