खलास

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी स्वानंदी पलंगावर बसून बोटभर नळीत लाळ गाळत होती. पाच मिनिटं झाली तरी तळ जेमतेम ओला झाला होता.

"तोंड कोरडं पडलंय," ती म्हणाली.

"पडणारच. डोळे उघडल्यापासून विचार चाललेत," सुरुची म्हणाली. लेकीच्या दारात ती सूचनांचा कागद घेऊन उभी होती. उठल्याउठल्या एक नमुना, अर्ध्या तासाने दुसरा. तोवर दात घासायचे नाहीत, काही खायचं नाही.

सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठातली एक मेक्सिकन संशोधक हा अभ्यास करत होती. अमेरिकेतल्या लॅटिनो मुलांची लाळ तपासून झाली होती. आता कॅम्पसमधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची पाळी होती. तेच तेच वाईट विचार घोळवणाऱ्या मुलांच्या अंगात ताणाचं संप्रेरक किती वाढतं, हे तिला मोजायचं होतं.

"रुमिनेशन म्हणजे रवंथ ना?" सुरुचीने कागदातून डोकं वर काढलं. "म्हैस करते तो?"

"आई, प्लीज."

"बरं, मग ऐक. कैरी. उभी चिरलेली. वर मीठ, लाल तिखट..."

"हे चीटिंग आहे."

"तोंडात काही घालू नका, असं लिहिलंय. कानात घालू नका, असं नाही. चिंच. काळी, गाभुळलेली..."

नळी भरली.

स्वानंदीचा रवंथ गुरुवारपासून चालू होता. दुआने वादविवाद स्पर्धेचं भाषण रेकॉर्ड करून पाठवलं होतं. 'कसं झालंय? खरं सांग.' स्वानंदीने ऐकून लगेच एका शब्दात उत्तर दिलं. दुआने ते वाचलं. मग शुक्रवार-शनिवारची सुट्टी गेली, दुआचं अक्षर नाही. दुआ रत्नागिरीकडची, पण जन्मापासून इथेच वाढलेली. वर्षापूर्वी डोंबिवलीहून आलेल्या स्वानंदीची शाळेतली एकुलती मैत्रीण. दोघी जोडीने धाहरानच्या स्पर्धेला जाणार होत्या. जोड्यांची नावं आज आठ वाजता द्यायची होती.

बुधवारी मी कँटीनमध्ये हसले, ते तिला लागलं का? तिच्या आईशी कमी बोलले का? स्वानंदीने सगळं उलटसुलट करून पाहिलं होतं. फक्त ते उत्तर सोडून. त्यात तर कौतुकच होतं.

बाहेरच्या खोलीत यतीन फोनवर एसीवाल्याशी बोलत होता. "नहीं भाई, वो खलास. दूसरे को दे दिया."

स्वानंदी उठून बाहेर आली. "बाबा, खलास म्हणजे काय?"

"संपलं. विषय बंद. वर्ष झालं की इथे येऊन."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे एकदम भारी असाही अर्थ होतो," सुरुची म्हणाली. "आपला डोंबिवलीचा यज्ञेशदादा वडापाव खाऊन म्हणतो ते."

स्वानंदीने फोन काढून गुरुवारचं उत्तर पुन्हा वाचलं.

"कुणाला म्हणालीस?" यतीनने जपून विचारलं.

"दुआला. भाषणाबद्दल."

यतीन खुर्चीत बसला. "म्हणजे तिने विचारलं, कसं झालं, आणि तू सांगितलंस, संपला विषय." पुढचं त्याला हसण्यामुळे बोलता येईना. सुरुचीने तोंडावर कागद धरला. स्वानंदीने दोघांकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. सहा चाळीसचा नमुना तिने हसता हसता दोनदा सांडला.

"मेसेज करून टाक," सुरुची म्हणाली.

"नको. लिहूनच घोळ झालाय."

सात दहाच्या बसमध्ये दुआ तिसऱ्या रांगेत खिडकीशी होती. शेजारच्या सीटवर तिने दप्तर ठेवलं होतं. स्वानंदीने उभ्यानेच सगळं सांगितलं: डोंबिवली, यज्ञेशदादा, वडापाव.

"म्हणजे चांगलं होतं?" दुआने विचारलं.

"खूप."

"मग सरळ चांगलं म्हणायला काय धाड भरली होती? दोन दिवस झोपले नाही मी. चारदा नवीन लिहिलं. जुनं डिलीट केलं."

"माझ्याकडे आहे."

"यल्ला, बैठो," ड्रायव्हर म्हणाला.

दुआने दप्तर उचलून मांडीवर घेतलं. स्वानंदीने रेकॉर्डिंग लावून फोन तिच्या हातात दिला. दुआ तो कानाशी धरून स्वतःचंच भाषण ऐकू लागली. एका वाक्याला तिने मान हलवली. बरं की वाईट, ते कळलं नाही. नावं द्यायला अजून पंचेचाळीस मिनिटं होती.